आकडा आला की गिळायचा

हे वाक्य माझं आहे. कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते. कारण आता ते जिल्हाभर बेवारस फिरतंय.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासात मी शिकवते. तिथं महिन्यातून एकदा बायकांसाठी फुकट वर्ग असतो. पासवर्ड कसा ठेवायचा, खात्याला दुहेरी कुलूप कसं लावायचं, फोनवर आलेला ओटीपी कुणालाही का द्यायचा नाही, असलं सगळं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका वर्गात मी पाऊण तास घसा कोरडा केला आणि शेवटी पहिल्या रांगेतल्या एका बाईनं शांतपणे विचारलं, "मग मॅडम, त्यो आकडा आला की सांगायचा कुणाला?" माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "कुणाला म्हणजे? आकडा आला की गिळायचा, मागणारा दारातनं वळवायचा!" बायका खो-खो हसल्या. कुणाचा तरी फोन चालू होता. महिन्याभरात तो व्हिडिओ कागल, मुरगूड, गडहिंग्लज, सगळीकडच्या ग्रुपांवर गेला. बाजारात अनोळखी बायका मला थांबवून ते वाक्य म्हणून दाखवायच्या. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

घरात आम्ही तिघं. मी शबनूर, माझे अब्बा फक्रुद्दीन आणि अम्मी शमशाद. अब्बा चाळीस वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा, तो आधी लाकडात करून द्यायचा, हे त्यांचं काम. लोखंड गार होताना आकसतं, म्हणून लाकडाचा नमुना नेहमी थोडा मोठा करावा लागतो. किती मोठा, ते अब्बांना नजरेनं कळायचं. मशिनांच्या गोंगाटात जन्म गेल्यामुळं हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी घरात मीठ मागितलं, तर खालच्या मजल्यावरचे गणपतराव आपली बरणी उघडतील, असा आवाज.

अम्मी शाळेची पायरी चढलेली नाही. मराठी वाचता येत नाही, उर्दू वाचता येत नाही, आकडेही ओळखत नाही. तिच्या फोनात नावं नाहीत, फोटो आहेत. फोटो बघायचा आणि बटण दाबायचं. तिला शिकवायला मी चार-पाच वेळा पाटी घेऊन बसले होते. "आता ह्या वयात कशाला गं?" असं ती म्हणायची, आणि मीही कंटाळून उठायचे. सगळ्या जिल्ह्याच्या बायकांना शहाणं करायला निघालेली मी, घरातल्या बाईला अ काढायला शिकवलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दीड वर्षापूर्वी अब्बांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर सरळ बोलले. जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज कायमचा जाईल. गळ्याला पुढून एक भोक राहील, त्यातून श्वास घ्यायचा. ऑपरेशनला नऊ दिवस होते. घरी आल्यावर अब्बा कॉटवर बसले आणि म्हणाले, "म्हंजे आता हिच्यासंगं भांडायचं कसं?"

गंमत म्हणूनच म्हणाले असतील. पण प्रश्न खराच होता. मला ते पाटीवर लिहून दाखवू शकले असते. अम्मीला काय दाखवणार?

मग मीच ती युक्ती काढली. म्हटलं, अब्बा, रोज लागणारी वाक्यं तुमच्या फोनमध्ये बोलून ठेवा. एकेक वाक्य वेगळं. नंतर बटण दाबलं की तुमचाच आवाज. अब्बांना ते पटलं. नऊ दिवस घरात दुसरं काही चाललं नाही. ते गॅलरीत बसून बोलायचे आणि मी नीट लावून ठेवायचे. "शमशाद, च्या टाक." "शमशाद, माझा चष्मा कुठं हाय?" "गोळी घेतलीस का?" "भाजीत मीठ कमी हाय." "मी जरा खाली जाऊन येतो." "चुकलं माझं." हे शेवटचं त्यांनी तीन प्रकारे बोलून ठेवलं, कमी चुकल्याचं, जास्त चुकल्याचं आणि चुकलं नसताना म्हणायचं.

दोनशे चौदा वाक्यं झाली. मी म्हटलं, एवढी कशाला? तर म्हणाले, "आकसतंय पोरी. जास्तीचं धरून चालायचं."

दोनशे चौदावं त्यांनी दार लावून बोलून ठेवलं. बाहेर येऊन मला एवढंच सांगितलं, "हे तुझ्या अम्मीसाठी. मी गेल्यावर लावायचं. तू ऐकू नको." मी ऐकलं नाही.

हे सगळं मी अब्बांच्या इंटरनेटवरच्या खात्यात ठेवलं, कारण फोन काय, पडतो, बिघडतो. खात्याला मी माझ्या इभ्रतीला शोभेल असं कुलूप लावलं. लांबलचक पासवर्ड, आणि त्याच्यावर ओटीपी. नव्या फोनवर खातं उघडायचं, तर अब्बांच्या नंबरवर सहा आकडे येणार, ते घातले तरच आत. माझा नंबर घालता आला असता. पण ज्याचं खातं त्याचाच नंबर, हे मी वर्गात शिकवते. नंबरही गेला तर म्हणून खात्यानं दहा राखीव आकडे दिले, एकेक आठ-आठ अंकी. ते कागदावर उतरवून सुरक्षित जागी ठेवा, असं मी बायकांना सांगते, तेव्हा मीही उतरवले. हिरव्या जेल पेननं, चौकटी आखून, सुबक. कागदाची चार घड्यांची पुडी केली आणि कुराणशरीफच्या कापडी वेष्टनात, जुजदानात, सरकवली. घरात त्याहून सुरक्षित जागा नव्हती. तिथं उगाच कुणी हात घालत नाही.

ऑपरेशन नीट झालं. अब्बा घरी आले ते गळ्याला पांढरा रुमाल बांधून आणि हातात फोन घेऊन. पहिल्यांदा त्यांनी बटण दाबलं, "शमशाद, च्या टाक," आणि अम्मी गॅसपाशीच मटकन खाली बसली. मग उठून तिनं चहा टाकला. पंधरा दिवसांत दोघंही सरावले. इतके, की भांडायला लागले. अब्बा "मीठ कमी हाय" लागोपाठ तीनदा वाजवायचे आणि अम्मी आतून ओरडायची, "ऐकू आलं की! भैरी न्हाय मी!" त्या घरात मी वर्षभर किती सुखात होते, ते मला तेव्हा कळलं नाही.

फोन गेला तो भाजीवाल्यामुळं. अब्बांनी "थांब रे, आलो" हेही बोलून ठेवलं होतं. खाली गाडी आली की गॅलरीतून फोन बाहेर धरून वाजवायचे. एका सकाळी हात निसटला. फोन दुसऱ्या मजल्यावरून रस्त्यात पडला आणि त्याच्यावरून रिक्षा गेली.

अब्बांचं तोंड बघवत नव्हतं. मी मात्र निवांत होते. म्हटलं, काळजी करू नका, तुमची पोरगी काय झोपा काढायला शिकवते का? त्याच दिवशी नवा फोन आणला. पासवर्ड घातला. बरोबर आला. मग पडद्यावर अक्षरं उमटली, की शेवटी छत्तीस असलेल्या नंबरवर सहा आकडे पाठवले आहेत. जुन्या फोनचं सिमकार्ड मी नव्यात घातलं होतं. आम्ही वाट बघत बसलो. आकडे आले नाहीत.

राजारामपुरीतल्याच सिमकार्डाच्या दुकानात मी अब्बांना घेऊन गेले. दुकानदारानं नंबर टाकून बघितला आणि म्हणाला, "मॅडम, ह्या नंबरला वर्षभर रिचार्ज न्हाय. बंद पडला, आणि आता दुसऱ्याच्या नावावर चालू हाय."

मी अब्बांकडं वळले. घरी वायफाय होतं, वाक्यं त्यावर वाजायची, त्यामुळं नंबर मेला ते कुणाला कळलंच नव्हतं. "रिचार्ज का नाही मारलं?" मी भर दुकानात ओरडले. अब्बांनी पिशवीतून पाटी काढली, मांडीवर ठेवून सावकाश लिहिलं आणि माझ्यापुढं धरली.

"बोलायचं कुणाशी?"

दुकानदारानंही ते वाचलं. तो उगाच मागची खोकी नीट लावायला लागला. मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तरी माझ्याकडं हिरवा कागद होता. घरी येऊन हातपाय धुऊन वजू केला, जुजदान काढलं, वेष्टन उलगडलं. कागद नव्हता. मी अम्मीला विचारलं, इथं एक पुडी होती, हिरव्या अक्षरांची.

"ती? तुझ्या आत्यानं दर्ग्यातनं आणलेला ताईत न्हवं का त्यो?" अम्मी म्हणाली. "चौकटी हुत्या, आत कायबाय लिवलेलं हुतं. ऑपरेशनच्या आदल्या सांजेला पाण्यात सोडला आणि अब्बास्नी पाजला. सगळी शाई उतरली बघ, पाणी हिरवंगार झालतं. म्हणून तर जीव वाचला त्यांचा."

आमच्यात काही घरांत असा ताईत पाण्यात विरघळवून आजाऱ्याला पाजतात. त्यावरही चौकटी असतात आणि चौकटीत आकडेच असतात. वाचता न येणाऱ्या बाईनं काय समजायचं? अब्बा कॉटवर बसून ऐकत होते. त्यांना सगळं समजलं होतं. त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि खांदे हलवले. आवाज न करता ते हसत होते. अम्मीही हसली, काय झालंय ते न कळता. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

तिला खरं काय ते सांगायचं मात्र मला कधी जमलं नाही. तिनं ते पाणी किती विश्वासानं पाजलं असेल!

त्यानंतर मी काय काय केलं, ते सांगत बसत नाही. त्या कंपनीच्या साइटवर खातं परत मिळवायचा एक अर्ज असतो, तो मी सोळा वेळा भरला. सोळाही वेळा एकच उत्तर आलं, हे खातं तुमचंच आहे याची आम्हाला खात्री पटत नाही. कोल्हापूरच्या माणसाला समोर भांडायला माणूस लागतो. दोन शिव्या द्याव्यात, चार ऐकाव्यात, मग काम होतं. इथं माणूसच नव्हता. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते आणलं. त्यातून निघालेला आवाज ऐकून अम्मी इतकी रडली, की अब्बांनी ते कपाटात टाकलं ते कायमचं. फोनवर लिहिलेलं वाचून दाखवणारी सोय आणली. तर त्यात एक बाई बोलायची, तीही पुण्याची. "ही कोण बया? हिला आधी घरातनं घालव," अम्मी म्हणाली.

घर गप्प झालं. अब्बांना काही हवं असलं की ते टाळी वाजवायचे, अम्मी येऊन उभी राहायची, ते हातवारे करायचे. ती पाणी आणायची, त्यांना चष्मा हवा असायचा. ती चादर आणायची, त्यांना खिडकी लावून हवी असायची. दोघंही दमायचे, मग टाळी वाजेनाशी झाली.

तुम्ही म्हणाल, नंबर चालू आहे असं दुकानदारानं सांगितलं होतं, मग त्याच दिवशी फोन का नाही केला? तेच सांगते. अनोळखी माणसाला फोन करून ओटीपी मागायचा? मी? चोर नेमकं तेच करतात, असं मी दोनशे बायकांना सांगितलंय. नाक खाली करायला मला दोन महिने लागले. शेवटी एका बुधवारी क्लास सुटल्यावर मी खात्यातून आकडे पाठवले आणि लगेच अब्बांच्या जुन्या नंबरवर फोन लावला.

"कोण हाय?" एक म्हातारी बाई होती. आवाज खणखणीत.

"मावशी, माझं नाव शबनूर. हा नंबर आधी माझ्या अब्बांचा होता. आत्ता तुमच्या फोनवर सहा आकडे आले असतील..."

"आल्यात. मग?"

"तेवढे मला सांगता का? माझ्या अब्बांचा आवाज त्यात..."

"आकडा आला की गिळायचा," ती म्हणाली, "मागणारा दारातनं वळवायचा. कळलं न्हवं? राजारामपुरीच्या मास्तरणीचा यिडिओ हाय माज्याकडं, ल्योकानं धाडलाय."

"मावशी, ती मास्तरीण मीच!"

"व्हय व्हय, आणि मी कलेक्टरीन! आधी मुक्यानं फोन करीत हुतासा, आता पोरीला पुढं घातलीसा व्हय? हिंमत असंल तर समोर या. मुरगूडात येष्टी स्टँडाच्या मागं तानाबाई म्हणून इचारा. मी भेत न्हाय कुणाच्या बाला!"

फोन बंद. मुक्यानं फोन म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नाही. रागाच्या भरात मी विचारही केला नाही.

रविवारी क्लासला सुट्टी होती. मी अब्बांना घेऊन सकाळची एसटी धरली. माणूस डोळ्यांनी बघितला की कुणाचंही मन वितळेल, असं मला वाटत होतं. अब्बांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, गळ्याला धुतलेला रुमाल होता, पिशवीत पाटी होती. वाटेत ते एकदाही माझ्याकडं बघायला तयार नव्हते. मला वाटलं, अनोळखी दारात हात पसरायला जातोय, म्हणून लाजताहेत.

तानाबाईचं घर लगेच सापडलं. दारात म्हैस, ओसरीवर दुधाचे कॅन, आणि कंबरेवर हात ठेवून उभी एक ठेंगणी, काटक म्हातारी. मी नाव सांगितलं. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "यिडिओतलीच हाईस की गं तू! चोर काय येष्टीनं येत न्हाय म्हणा. बसा पावणं." तिनं घोंगडं टाकलं आणि चहा ठेवला.

मी सगळं सांगितलं. ऑपरेशन, दोनशे चौदा वाक्यं, वाचता न येणारी अम्मी, गेलेला नंबर. तानाबाई डोळ्याला पदर लावून ऐकत होती. पण मी आकड्यांचं नाव काढताच तिनं मान हलवली.

"तेवढं मागू नगंस बाय. माजा इजा, विजयसिंह, पुण्याला कंपनीत हाय. त्यानं सवताच्या डोक्यावर माजा हात ठेवून आण घेतलीया, आय, कुनीबी मागू दे, आकडा द्यायचा न्हाय. एकुलता एक हाय माजा. आण मोडून त्याला काय झालं तर?"

"त्यांना आत्ता फोन लावू. मी बोलते."

"त्यो न्हाईच म्हणणार. लई घाबारलाय. आमाला गेला दीड म्हैना एक फोन येतोय की. रोज दुपारच्याला, बरुबर दोन वाजता. उचलला की कोण बोलत न्हाय. निस्ता श्वास, घर्रर्र घर्रर्र. मी हॅलो हॅलो करतो, शिव्या घालतो, पर त्यो ठेवत न्हाय. ऐकतच बसतोय. मग माझीच छाती धडधडाय लागती. येकटी ऱ्हातो मी हितं."

बोलता बोलता ती चहाची कपबशी अब्बांपुढं ठेवायला वाकली, आणि तशीच थांबली. स्टँडपासून चालत आल्यामुळं अब्बांना धाप लागली होती. रुमालाखालून श्वास येत होता, जात होता. घर्रर्र. घर्रर्र.

तानाबाईनं कपबशी खाली टेकवली. "ह्योच," ती म्हणाली. "ह्योच की गं त्यो."

मी अब्बांकडं बघितलं. त्यांनी पाटी काढली, एकच शब्द लिहिला आणि खाली मान घालून ती पुढं धरली.

"काय लिवलंय?" तानाबाईनं विचारलं.

मला वाचावं लागलं. "मीच."

दुकानात नंबर चालू असल्याचं त्यांनीही ऐकलं होतं. मी अर्ज भरत बसले तेव्हा ते रोज दुपारी, अम्मी जरा लवंडली की, तिचा फोन घेऊन गॅलरीत जात होते. मागायला. तोंड नसलेला माणूस, तोंड परत मागायला.

"अवो मग बोलायचं न्हाय का!" तानाबाई ओरडली, आणि तिलाच कळलं ती काय बोलली ते. तिनं कपाळावर हात मारून घेतला. म्हैस तेवढी रवंथ करत होती.

तानाबाई उठली. देवळीत ठेवलेला फोन आणून तिनं माझ्यापुढं आपटला. "धाड तुझं आकडं. आण मोडल्याचं पाप माज्या एकटीच्या डोस्क्यावर. इज्याला काय हुणार न्हाय. देवाला डोळं हाईत."

अब्बांनी हातानं नको नको केलं. तिनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. मी पासवर्ड घातला. शेवटी छत्तीस असलेल्या नंबरवर सहा आकडे पाठवले आहेत, असं आलं. आम्ही तिघं तिच्या फोनकडं बघत बसलो. एक मिनिट. दोन मिनिटं. मी पुन्हा पाठवले. तानाबाईनं फोन उचलून पदरानं पुसला आणि परत ठेवला, जसं काही त्याच्यावर धूळ होती म्हणून आकडे अडकले होते.

"बुधवारी आल्तं की तवा," ती म्हणाली. "टिंगकन आल्तं."

मी फोन हातात घेतला आणि त्याचा नंबर बघितला. शेवटी छत्तीस नव्हतं.

"मावशी, ह्यात सिमकार्ड दुसरं आहे."

"व्हय की, नवं हाय. बुधवारी तुझा फोन आला आणि मी इज्याला सांगितलं. त्यो सुट्टी टाकून शुक्रवारी आला, त्यो जुना नंबर बंद कराय अर्ज दिला आणि ह्यो नवा घालून दिला. त्या मुक्याच्या फोनाचा पाश सुटावा म्हणून." तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "पर फोन त्योच हाय की गं! फोन बदलला न्हाय मी!"

तिला ते समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. मी मास्तरीण आहे, शेवटी तिला समजलं. मग ती जी रडायला लागली, ती आम्ही एसटीत बसेपर्यंत. स्टँडवर तिनं अब्बांच्या हातात दुधाची किटली दिली आणि म्हणाली, "भाऊ, मी लई वंगाळ शिव्या घाटल्या तुमास्नी." अब्बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

विजयसिंहाशी मी नंतर फोनवर बोलले. सभ्य मुलगा आहे. पुन्हा पुन्हा माफी मागत होता. मी म्हटलं, तू अगदी बरोबर केलंस. दुकानदार म्हणतो, तो नंबर आता निदान तीन महिने कुणालाच मिळणार नाही, नंतर विक्रीच्या यादीत कधी आणि कुठं पडेल, सांगता यायचं नाही. मी दर सोमवारी जाऊन विचारते. मला बघितलं की तो लांबूनच मान हलवतो.

वर्ग चालूच आहेत. ते वाक्य आजही बायका माझ्याकडून म्हणवून घेतात आणि मी म्हणते, कारण ते खरं आहे. चुकीचं असतं तर बदलता आलं असतं.

एका रविवारी मी अब्बांना विचारलं, दोनशे चौदाव्यात काय होतं, ते पाटीवर लिहा. मी अम्मीला वाचून दाखवेन, त्या वेळी. त्यांनी पाटी घेतली, पेन्सिल टेकवली, आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग लिहिलं, "लिहून नाही होत."

आता ते दुपारी दोन वाजता नव्या फोनमधल्या नव्या नंबरवरून अम्मीला फोन करतात. गॅलरीतून स्वयंपाकघरात, दहा पावलांवर. सवय लागली असेल, किंवा काय, मला माहीत नाही. अम्मीच्या फोनवर त्यांचा फोटो येतो. ती उचलते, कानाला लावते आणि तो श्वास ऐकत उभी राहते.

"व्हय," ती म्हणते. "व्हय की. आणते."

काल मी घरीच होते. विचारलं, "काय म्हणाले?"

"च्या मागत्यात," ती म्हणाली आणि भांडं ठेवलं.

ती कप घेऊन गॅलरीत गेली. तिच्या पाठीमागून अब्बांनी मला पाटी दाखवली. "चष्मा." मग पाटी पालथी ठेवून त्यांनी कप घेतला आणि तिच्या समोर सगळा चहा प्यायले. मी चष्मा शोधायला उठले.